भिंतीवरची गोधडी

हैदराबादेत कापड रंगवायचं असेल तर आधी पाणी कुठलं ते विचारावं लागतं. आमच्या नळाला मांजरेचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते पुरेनासं झालं की बोअरचं वापरावं लागतं. रंगाचा डबा तोच, माप तेच, कापड एकाच ताग्यातलं, तरी या दोन पाण्यांतले निळे एकसारखे निघत नाहीत. बोअरचं पाणी खडकातून वर येतं, त्यात क्षार फार. निळ्याची झळाळी त्याने मरते, गुलाबी मातकट होतो आणि शेवटच्या धुण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून काळे, करडे, विटकरी रंग बोअरवर आणि उजळ रंग नळावर, अशी वाटणी आपांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा आमचं काम पाण्याच्या वेळेवर ठरतं.

ही मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर आणि बीदर करत सिंगूरच्या धरणात येते आणि तिथून आमच्या घरात. शहराला पुढे कृष्णेचं पाणी आलं, मग गोदावरीचं. म्हणजे महाबळेश्वर आणि त्र्यंबकेश्वरही या शहराच्या नळात आहेत. माझं आजोळ परभणीचं, घर काचीगुड्याचं. आजोबा निजामाच्या अमलात नोकरीला इकडे आले, उर्दूत शिकले, उर्दूत हिशेब लिहायचे आणि घरी ज्ञानेश्वरी वाचायचे. 1956 साली हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमच्यासारखी पुष्कळ मराठी घरं सुलतानबाजार, काचीगुडा, कुतबीगुडा या भागांत राहून गेली. विवेकवर्धिनी शाळा 1907 पासून इथे आहे, तिनेही आम्हाला धरून ठेवलं.

आपा म्हणजे माझी मैत्रीण. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना आपा. वयात फारसं अंतर नाही, पण इतक्या वर्षांत अगंतुगं करावंसं दोघींनाही वाटलं नाही. त्यांचे वडील पत्थरगट्टीच्या मागच्या गल्लीत दुपट्टे रंगवायचे. लग्नसराईत बायका कुर्त्याच्या कापडाची चिंधी घेऊन यायच्या आणि त्याच रंगाचा दुपट्टा मागायच्या. वडिलांजवळ वजनकाटा नव्हता. चुलीवर देगची, देगचीत उकळतं पाणी, मीठ आणि चिमटीने टाकलेली पूड. दुपट्ट्याचं एक टोक बुडवायचं, पिळायचं, देगचीच्या तापलेल्या अंगावर दाबून सुकवायचं आणि मग चिंधीशेजारी धरून बघायचं. पुन्हा एक चिमूट पिवळा, पुन्हा टोक सुकवणं. आपा लहानपणी वडिलांच्या शेजारी उभ्या राहून हे बघायच्या. आजही मी बादलीत डोकावून “छान आलाय” म्हटलं की त्या म्हणतात, “गीले में देखना नक्को ताई, सूखे में देखो.” ओला रंग नेहमी गडद आणि भरलेला दिसतो. आम्ही आता देगचीऐवजी इस्त्री वापरतो, पण टोक सुकवल्याशिवाय कुठलाच रंग पुढे जात नाही.

आमचं एकत्र काम सुरू झालं ते एका फाटक्या गोधडीपायी. आजीने परभणीला शिवलेली, जुन्या नारायणपेठी आणि इरकली लुगड्यांची. मधला लाल पट्टा विरून गेला होता आणि मला तिथे ठिगळ लावायचं होतं. सुलतानबाजारातल्या दुकानांमधून लाल कापडाचे तुकडे आणून पाहिले. ते इतके ताजे दिसत की बाकीची गोधडी त्यांच्यापुढे आजारी वाटायची. ओळखीतून आपांकडे गेले. त्यांनी गोधडी उलटी केली, शिवणीच्या आत दुमडून राहिलेला मूळ लाल पाहिला, मग वरचा विटलेला लाल पाहिला आणि विचारलं, कोणता देऊ? मी म्हटलं वरचा. तेव्हा त्यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. लालात थोडा पिवळा घातला, तो शेंदराकडे झुकला. मग चमच्याच्या टोकावर मावेल इतका हिरवा घातला. लाल एकदम खाली बसला, जुना झाला. “लाल कू थकाना पड़ता,” असं त्या म्हणाल्या होत्या. वर्षानुवर्षं उन्हात आणि खळखळून धुण्यात लालाचं जे झालं होतं, ते त्या चिमूटभर हिरव्याने झालं. ठिगळ लावलं आणि दोन हातांवरून पाहिलं तर कुठे लावलंय ते शोधावं लागत होतं.

त्या दिवसापासून कापड त्या रंगवतात आणि शिवते मी, असं ढोबळमानाने म्हणता येईल. प्रत्यक्षात हद्द सारखी ओलांडली जाते. कुठे कापायचं यावर त्या बोलतात आणि रंगात मी बोट घालते.

देगचीतले ते जुने रंग आता आम्ही वापरत नाही. ते सुती धाग्यावर नुसते बसतात, धाग्याशी बांधले जात नाहीत, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडे सुटतात. लग्नात एकदाच घालायच्या दुपट्ट्याला ते चालून जातं. गोधडीला चालत नाही. सुतासाठी आम्ही बेगमबाजारातून कोल्ड ब्रँडचे रंग आणतो. हा रंग धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो, कापडाचाच भाग होतो. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांना हे 1954 साली साधलं आणि 1956 मध्ये ते रंग बाजारात आले. त्यांना उकळी लागत नाही, चूल लागत नाही. मीठ लागतं, म्हणजे रंग पाण्यातून कापडाकडे ओढला जातो, आणि धुण्याचा सोडा लागतो, म्हणजे तो तिथे बांधला जातो. लिटरला 50 ग्रॅम मीठ आणि 20 ग्रॅम सोडा हे आमचं साधं प्रमाण. फिकट रंगाला कापडाच्या वजनाच्या अर्धा टक्का पूड पुरते, मध्यम रंगाला 2 टक्के, काळ्याला मात्र 6 ते 8 टक्के घालावी लागते. एकदा सोडा पडला की घड्याळ सुरू. रंग कापडाला धरतो तसाच पाण्यालाही धरतो, आणि पाण्याला धरलेला रंग मेला, त्याचा पुढे उपयोग नाही. कालवलेला रंग उद्यासाठी म्हणून ठेवता येत नाही.

हैदराबादच्या मे महिन्यात गच्चीवरची बादली स्वतःच तापते आणि रंग भराभर बसतो. डिसेंबरच्या रात्री पारा 20 अंशांच्या बराच खाली जातो, तेव्हा तो सुस्तावतो. मग कोमट पाणी घ्यायचं आणि बादलीभोवती जुनी वाकळ गुंडाळून रात्रभर ठेवायचं. पूड कालवताना नाकातोंडाला फडकं किंवा मास्क हवाच, कारण ही पूड हवेत उडते, श्वासातून आत जाते, आणि तिची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर जात नाही. आपांच्या वडिलांना शेवटी फार खोकला असायचा. मास्कच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत.

कापड म्हणाल तर गिरणीच्या कापडाला खळ असते, ती आधी सोडा-साबणात उकळून काढावी लागते, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. आम्हाला सर्वांत आवडतं ते मलखा. हैदराबादच्या उझरम्मा यांनी उभं केलेलं हे काम. कापूस दाबून त्याच्या गाठी बांधायच्या नाहीत, तो मोकळाच ठेवून त्याचं सूत काढायचं आणि मागावर विणायचं. मलमल आणि खादी यांतून ते नाव आलं. हाताला मऊ, आणि पाणी पिण्यात त्याच्यासारखं दुसरं कापड मी पाहिलेलं नाही.

सगळ्यांत मोठं काम धुण्याचं. त्यावर आपांचं आणि माझं कधी दुमत झालं नाही. आधी थंड पाणी, पुन्हापुन्हा, मीठ आणि सोडा निघेपर्यंत. मीठ असेतो न बांधलेला रंगही कापडाला चिकटून राहतो, म्हणून सुरुवातीलाच गरम पाणी घालून उपयोग नाही. मग कढत पाणी आणि साबण. मग परत. गडद लाल आणि काळा तर अंत बघतात. बादलीतलं पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी आपा ओलं कापड पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवतात. सकाळी फडक्यावर डाग दिसला की पुन्हा कढत पाणी. “पानी साफ आए तलक धोना, बीच में थकना नक्को.” त्यांच्या घराण्यात रंग सुटणं ही अब्रूची गोष्ट. दुपट्ट्याचा रंग नवरीच्या मानेला लागला तर ती बाई पुन्हा दुकानात पाऊल ठेवणार नाही, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं.

माझ्या घराण्यातला नियम दुसरा. आजी गोधडी हातात घेतली की टाक्यावरून नख फिरवायची. धावदोऱ्याचा टाका लांब पडला असेल तर झोपेत पायाचा अंगठा त्यात अडकतो, दोरा तुटतो आणि तिथून गोधडी उसवायला लागते. अंगठा अडकू नये एवढा टाका. तो नियम तिने कधी समजावून सांगितला नाही. लांब टाका दिसला की ती उसवून परत द्यायची.

रंग सुटू नये आणि अंगठा अडकू नये, या दोन गोष्टींवर आमचं सगळं काम उभं आहे, आणि हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आम्ही जे करतो ते लोक भिंतीवर लावतात. त्याला आर्ट क्विल्ट म्हणतात. अमेरिकेत 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर होफ यांनी जमवलेल्या जुन्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. त्या शिवणाऱ्या बायकांनी त्या बिछान्यासाठी शिवल्या होत्या. पुढे 1979 मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी, गाईंच्या जुन्या गोठ्यात, क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन सुरू झालं. नॅन्सी क्रो ही त्याच्या मागच्या कलावंतांपैकी एक. तिथल्या क्विल्ट मात्र भिंतीसाठीच केलेल्या होत्या. नॅन्सी क्रो आपलं कापड स्वतः रंगवते, आणि तिच्या कामाची छायाचित्रं पाहताना आपा बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, हिचं पाणी कसं असेल?

मला स्वतःला अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांचं काम जास्त जवळचं वाटतं. शेतात घातलेल्या पँटींचे, फाटक्या शर्टांचे तुकडे जोडून त्यांनी थंडीसाठी क्विल्ट केल्या, आणि 2002 मध्ये त्याही व्हिटनीमध्ये लागल्या. आपल्याकडच्या वाकळीची ती सख्खी बहीण आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, त्यातली पानं उलटताना मला सारखं वाटत राहिलं की या बायकांना रचना शिकवण्यासारखं कुणाकडेही काही नव्हतं. चौकटीत चौकट, कोपऱ्याला वेगळं कापड, मध्येच एक पिवळा तुकडा जिथे डोळा थांबतो. जे हाताशी होतं त्यातूनच त्यांनी निवड केली.

आणि इथे माझ्या मनात खरा प्रश्न होता. गोधडी जुन्याची होते. तिच्यात आईचं लुगडं असतं, वडिलांचं धोतर असतं. आम्ही तर नवं कापड आणून रंगवतो आणि मग कापतो. याला गोधडी म्हणायचं का? कापड जुनं असलंच पाहिजे असं मला आता वाटत नाही. पण ते अंगावर घेता आलं पाहिजे, धुता आलं पाहिजे, आणि त्यात कुणाच्या तरी हाताची कळकळ असली पाहिजे. नुसतं पाहण्यासाठी केलेली वस्तू मला शिवता येत नाही, हात चालत नाही. म्हणून भिंतीवरच्या कामालाही आम्ही आत भरणासाठी जुनं लुगडं घालतो, दोन पदरी. बाजारात पॉलिस्टरचं भरण मिळतं, हलकं आणि फुगीर. हैदराबादच्या उकाड्यात ते अंगावर घेववत नाही.

शिवण कडेपासून सुरू होते. पाश्चात्त्य क्विल्टकाम मधून बाहेर जातं, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात. आमच्या बायका कडेने सुरू करून चौकोनी फेरे घेत आत येतात. उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकाही आपली कवंद अशीच शिवतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. कडेने आत येताना प्रत्येक फेऱ्याला चुणी पुढे ढकलावी लागते, डाव्या हाताच्या पंजाने कापड सारखं चोपत राहावं लागतं, आणि शेवटी मधोमध जो किंचित फुगवटा उरतो तो हातशिवणीची खूण असतो. मला तो आवडतो. अंगुस्तान घालून सुद्धा मधलं बोट भोकं पडून खरखरीत होतं.

आमचं सगळ्यांत मोठं काम चिंचेच्या झाडाचं. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, पूर्वीच्या अफजल पार्कात, एक जुनी चिंच आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीला पूर आला. हजारो माणसं वाहून गेली. कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. त्या पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्या यांना बोलावलं गेलं आणि पुढे 1920 मध्ये उस्मानसागर, 1927 मध्ये हिमायतसागर हे तलाव बांधून झाले. आपांच्या घरात पुराच्या गोष्टी पणजीपासून चालत आलेल्या. झाड करायचं हे त्यांनीच ठरवलं, 6 फूट उंच आणि 4 फूट रुंद, आणि पाणी झाडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत.

खोडासाठी मला लोखंडाचा काळा हवा होता. कलमकारीवाले त्याला कसीम म्हणतात. गंजके खिळे, लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात घालून मडकं दोन-तीन आठवडे ठेवायचं. इकडे कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून सुकवायचं, ते फिकट पिवळसर होतं. त्यावर कसीमची काडी टेकवताच क्षणात काळं उमटतं. शाईसारखा सपाट काळा नव्हे, त्यात करडा आणि जांभळाही असतो, अगदी चिंचेच्या सालीचा. श्रीकालहस्तीच्या कामात मी तो पाहिला होता आणि त्याच्यावरून मन हटत नव्हतं. नमुन्याचा तुकडा इतका देखणा झाला की मी तो उशाशी ठेवला होता.

आपांनी नाही म्हटलं. लोखंड कापड खातं. जुन्या कोरोमंडलच्या छापील-रंगवलेल्या कापडांमध्ये, दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या, लाल आणि निळे शाबूत असतात आणि काळ्या रेघांच्या जागी बारीक भेगा पडलेल्या दिसतात. मी म्हटलं, आपल्या हयातीत तर टिकेल. त्या म्हणाल्या, झाडाचं खोडच आधी गळून पडलं तर माणसं कुठे बसायची? त्यापुढे मला बोलता आलं नाही, आणि नमुना मी डब्यात ठेवून दिला.

मग खोड झालं ते दुसऱ्याच वाटेने. रंगाच्या डब्यावर काळा लिहिलेलं असतं, पण तो बहुतेक वेळा तीन-चार रंगांचं मिश्रण असतो. भरपूर पाण्यात ढवळत रंगवलं तर कापड एकसारखं काळं होतं. पण कापड चुरगाळून लहान डब्यात दाबून बसवलं, त्यावर अगदी थोडा रंग ओतला आणि हात लावला नाही, तर मिश्रणातले रंग वेगळे होतात. लाल घाईने जवळच्या घडीतच बसतो. फिरोजी सावकाश बसतो, तोवर तो घड्यांमधून दूरवर चालत जातो. उलगडलं की मधोमध काळं, कडेला जांभळट तपकिरी आणि शेवटी हिरवट निळी धार. ते कापड दोरीवर पसरलं तेव्हा त्यात साल होती, ओली माती होती आणि कडेला पुराचं पाणी होतं. कुठे कापायचं ते शोधायला आम्ही चार कोपरे हातांत धरून ते फिरवत राहिलो. आपांनी एका ठिकाणी बोट ठेवलं, जिथे हिरवट धार काळ्यात घुसली होती, आणि म्हणाल्या, इथपर्यंत पाणी.

पाण्यासाठी नीळ घेतली. निळीचा हौद आम्ही जुन्या रीतीने लावला: नीळ, चुना, आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. पावसाळ्यात जिची भाजी करतात तोच टाकळा, आमच्या परभणीकडे तरोटा. त्याच्या बियांनी हौद आंबतो आणि नीळ पाण्यात उतरते. वास उग्र असतो, शेजारी विचारतात. हौद लागला की पाणी पिवळट हिरवं होतं आणि वर तांबूस-निळी साय धरते. कापड आत घातलं की हिरवं निघतं, आणि हवेत धरल्यावर मिनिटभरात डोळ्यांसमोर निळं होत जातं. हे पाहण्यासाठी आपांच्या घरातली मुलं अजून गच्चीवर धावत येतात. निळीचा एक दोष असा की घासल्यावर ती थोडी सुटते. म्हणून एकाच गडद बुडवणीवर भागवायचं नाही. हलक्या हौदात बुडवायचं, हवा द्यायची, पुन्हा बुडवायचं, आणि शेवटी तेच धुणं, पाणी साफ येईपर्यंत.

माणसं आम्ही दाखवली नाहीत. फांद्यांवर दीडशे लहान ठिगळं आहेत, प्रत्येक वेगळ्या कापडाचं. काचीगुड्यातून, आपांच्या मोहल्ल्यातून, ओळखीच्या घरांतून जुने कपडे मागून आणले. धोतराचा काठ, बुरख्याच्या आतलं अस्तर, शाळेच्या गणवेशाची चौकट, पोचमपल्लीचा एक विरलेला तुकडा. हे तुकडे आम्ही रंगवले नाहीत. माणूस जसा आला तसा झाडावर बसला.

या सगळ्यात एक गोष्ट मला बोचत राहते. आमचं धुण्याचं पाणी गटारात जातं आणि गटार मुसीत. तिच्याच पुराचं काम करायचं आणि तिलाच रंगीत, खारं पाणी द्यायचं. पटान्चेरूच्या कारखान्यांनी तिथल्या ओढ्यांचं काय केलं ते या शहराने पाहिलं आहे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आमची बादली त्यापुढे लहान, पण लहान म्हणून ती मोजायची नाही असं मला पटत नाही. म्हणून आता शक्य तिथे कमी पाण्यात रंगवतो, मीठ लागणारी मोठी बुडवणी टाळतो, आणि शेवटच्या धुण्याचं स्वच्छ पाणी पिंपात धरून पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला वापरतो. पूड मोजून घेतो, उरवून ओतून देत नाही.

शहरात जुन्या कापडाचं काम मनापासून करणारी माणसं होती आणि आहेत, याचा आधार वाटतो. सुरैया हसन बोस 2021 मध्ये गेल्या, 93 वर्षांच्या होऊन. हिमरू, मशरू, पैठणी, जामेवार या विणी त्यांनी इथे मागावर पुन्हा आणल्या, आणि त्यासाठी विधवा बायकांना हाताशी धरून विणायला शिकवलं. त्यांच्याकडे मी पैठणीचा माग पाहायला गेले होते. माझ्या हातातली पिशवी ठिगळांची होती. ती त्यांनी उलटी करून आतली शिवण पाहिली आणि मगच बाहेरची बाजू पाहिली. कापडाची माणसं अशीच बघतात.

चिंचेचं झाड एका प्रदर्शनात लागलं तेव्हा आयोजकांनी त्याला काचेची चौकट करायला सांगितली. धूळ बसेल, लोक हात लावतील, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघींनी एका आवाजात नाही सांगितलं. उलट ते खाली लावायला लावलं, कोपरा उलटून मागची बाजू बघता येईल इतकं. लोकांनी हात लावला. एक म्हातारे गृहस्थ ठिगळं मोजत बसले आणि शाळेच्या गणवेशाच्या तुकड्यापाशी थांबून आपली शाळा तीच म्हणून सांगू लागले. धूळ बसली, ती झटकली.

एका लहान कामाची गोष्ट सांगायची आहे. निळीचं आणि हळदीच्या छटेच्या पिवळ्याचं ते काम सिकंदराबादच्या एका बाईंनी बैठकीच्या भिंतीसाठी घेतलं होतं. जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाज ओशाळलेला. त्यांच्या सासूबाईंना रात्री हुडहुडी भरून ताप आला, घरात कुणी जागं नव्हतं, त्यांनी भिंतीवरून ती गोधडी काढली आणि अंगावर घेऊन झोपल्या. आता त्या ती परत देत नाहीत. काय करावं? मी फोन आपांच्या हातात दिला. त्यांनी आधी सासूबाईंची तब्येत विचारली, ताप उतरला का, काही खाल्लं का. मग विचारलं, चादरीला रंग लागला का? निळा? बाईंनी चादर बघून येते म्हणून सांगितलं. आम्ही थांबलो. नाही लागला. आपांनी रिठ्याच्या कोमट पाण्यात कसं धुवायचं, सावलीत उलटं कसं वाळत घालायचं, ते दोनदा सांगितलं, आणि फोन ठेवताना सासूबाईंना सलाम सांगा म्हणाल्या.

त्या बाईंनी टांगायची मागची पट्टी कापून काढली होती, सासूबाईंच्या मानेला टोचते म्हणून. तेव्हापासून ही पट्टी मी पक्की शिवत नाही. कच्च्या टाक्याने नुसती टाचते आणि दोऱ्याचं एक टोक बाहेर मोकळं ठेवते, ओढलं की सबंध निघून यावं असं.